रोज एक मिलिमीटर

संक्रांतीच्या आदल्या दिवशी तिळाचे लाडू वळून झाल्यावर आई हात धुवायला न्हाणीघरात गेली आणि पाय घसरून पडली. दिल्लीकडच्या थंडीत फरशी ओली राहिली की वाळत नाही. उजव्या दंडाचे हाड मोडले होते. आईचे वय ७९. बाबा गेल्यानंतर सांगलीचे घर बंद करून ती आमच्याकडे गुरुग्रामला राहायला आली, त्याला तेव्हा चार वर्षे झाली होती.

हाड यथावकाश जुळले असते, त्याची कोणाला फारशी काळजी नव्हती. काळजी निघाली वेगळीच. तिला मनगट उचलता येईना. हात पुढे केला की पंजा देठ सुकलेल्या फुलासारखा खाली लोंबायचा. अंगठ्याच्या मागच्या बाजूला बोट लावले तर कळायचेही नाही. डॉक्टर म्हणाले, दंडाच्या हाडाला वळसा घालून एक मज्जातंतू खाली जातो, त्याला मार बसला आहे. तो पुन्हा वाढेल, पण दिवसाला साधारण एक मिलिमीटर. मनगट उचलणाऱ्या स्नायूंपर्यंत पोहोचायला तीन-चार महिने तरी लागतील. "और इस उमर में..." एवढे बोलून त्यांनी वाक्य अर्धेच सोडले.

आईला हिंदी बेताचेच समजते. मी तिला सगळे मराठीत समजावून सांगितले, फक्त ते शेवटचे अर्धे वाक्य गाळले. माझ्या मनात मात्र ते घर करून बसले.

आईचे हात कधी रिकामे राहिलेले मी पाहिले नव्हते. दुपारची जेवणे आटोपली की ती कापूस घेऊन खिडकीशी बसायची आणि वाती वळायची. समईच्या लांब वाती, निरांजनाच्या फुलवाती. आमच्या इमारतीतल्या पंजाबी आणि हरियाणवी शेजारणी डबे घेऊन यायच्या आणि वाती भरून न्यायच्या. "माताजी के हाथ की बाती" म्हणून त्यांचे कौतुक व्हायचे. आता तो कापसाचा डबा कपाटाच्या वरच्या फळीवर गेला. डोळ्यांसमोर नको, म्हणून मीच तो तिथे ठेवला.

मनगट सरळ राहावे म्हणून डॉक्टरांनी एक पट्टी दिली होती. व्यायाम शिकवायला एक बाई आल्या. डाव्या हाताने उजव्या हाताची बोटे एकेक करून उचलायची, मनगट वर-खाली करायचे, मुठीत चेंडू धरायचा, असे दिवसातून चार वेळा. आठवडाभर आम्ही ते नेमाने केले. मग एक वेळ चुकली, मग दोन. आईला कंटाळा यायचा, आणि तिची ती केविलवाणी धडपड बघून माझ्याच पोटात कालवायचे. सांगलीहून दादाचा फोन आला की तो म्हणायचा, "अगं, आता या वयात कशाला तिला छळतेस? तुम्ही आहात ना सगळे करायला."

आणि खरेच, मी सगळे करू लागले. घास भरवले, केस विंचरले, पदर खोचून दिला, देवापुढे उदबत्तीही मीच लावू लागले. आई काही करायला गेली की म्हणायची, "राहू दे आई, तुझं वय झालं आता." आपण आईची किती सेवा करतो, असा एक सूक्ष्म अभिमानही मनात होता, हे आज कबूल करते. महिनाभरात तिची बोटे आखडू लागली आणि ती बोलायचीही कमी झाली.

माझी लेक दिल्लीच्या एका प्रयोगशाळेत पीएचडी करते. वसतिगृहात राहते, रविवारी घरी येते. एका रविवारी आईने तिला विचारले, "तू तिथं दिवसभर करतेस तरी काय गं?"

"आजी, मी कृमी पाळते."

"कृमी म्हणजे जंत?"

"जंतांच्याच गोतातला. पण हा कोणाच्या पोटात राहत नाही. मातीत असतो, कुजक्या फळांवर असतो."

"आणि तो पाळायचा? आमच्या वेळी जंत झाले की वावडिंगाचा काढा देत, पाळत नसत हो!"

कित्येक दिवसांनी घरात हशा पिकला. मग लेकीने मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. काचेसारखे पारदर्शक, नागमोडी जाणारे धाग्यांचे तुकडे. प्रत्यक्षात एकेक जेमतेम एक मिलिमीटर लांब, म्हणजे साध्या डोळ्यांना स्वल्पविरामाएवढा. शेतकरी ज्यांना सूत्रकृमी म्हणून ओळखतात त्यांच्यातला हा एक, पण पिकाला न छळणारा. शास्त्रीय नाव सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स. 'एलेगन्स' म्हणजे डौलदार. त्याची चाल पाहिली की नाव पटते.

एवढ्याशा किड्याचे एवढे कौतुक का, असे मी विचारले आणि लेकीची गाडी सुरू झाली. १९६३ साली केंब्रिजमध्ये सिडनी ब्रेनर या शास्त्रज्ञाने असा विचार केला की, शरीर कसे घडते आणि मज्जासंस्था कशी चालते हे समजायचे असेल तर आधी सगळ्यांत साधा प्राणी घ्यावा. त्याने हा कृमी निवडला. तीन दिवसांत तो अंड्यातून निघून वयात येतो आणि दोन-तीन आठवड्यांत म्हातारा होऊन मरतो. अंगातून आरपार दिसते, त्यामुळे चिरफाड न करता आतली पेशी न् पेशी पाहता येते. जिवाणूंचा पातळ थर दिला की त्याचे जेवण झाले. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी असतात, तर या कृमीच्या सबंध शरीरात मोजून ३०२. त्या ३०२ पेशी एकमेकींना कुठे आणि कशा जोडल्या आहेत, याचा नकाशा १९८६ साली प्रसिद्ध झाला. त्यासाठी कृमीचे अतिशय पातळ काप करून त्यांची सूक्ष्मदर्शकाखाली छायाचित्रे घेतली होती. ब्रेनर आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांना २००२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

"पण म्हातारपणाचा याच्याशी काय संबंध?" मी विचारले.

"आई, आजीच्या हाताचं काय होतंय हे बघायला आपल्याला महिने लागतात. आमच्याकडे अख्खं आयुष्य तीन आठवड्यांत संपतं. बालपण, तारुण्य, म्हातारपण, सगळं डोळ्यांसमोर."

मग तिने जे सांगितले ते मला फार नवे वाटले. आपली समजूत अशी की वय झाले की मज्जापेशी मरतात आणि संपले. कृमीत तसे दिसत नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात म्हाताऱ्या कृमींचे स्नायू पार विरलेले आढळले, पण मज्जापेशी बऱ्याच अंशी जागच्या जागी शाबूत होत्या. अर्थात शाबूत म्हणजे तरुण नव्हेत. पुढच्या अभ्यासांत असे दिसले की वय वाढते तसे स्पर्श जाणणाऱ्या पेशींच्या धाग्यांना नको तिथे फाटे फुटतात, मध्येच फुगवटे येतात. जुन्या घरातली वीज जोडणी असते तसेच. तारा असतात, दिवेही लागतात, पण भरवसा उरत नाही. आणखी एक नवल म्हणजे एकाच बशीत वाढलेले, एकच अन्न खाणारे, जनुकांनी अगदी सारखे असलेले कृमीही सारखे म्हातारे होत नाहीत. कोणी लवकर थकतो, कोणी शेवटपर्यंत वळवळत राहतो. १९९३ साली सिंथिया केन्यन या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी तर दाखवून दिले की एका जनुकात बदल झाला की कृमी दुप्पट जगतो. म्हणजे म्हातारपण ही नुसती झीज नव्हे, त्याचे लगाम आतही कुठेतरी असतात.

"आणि तुटलेल्या धाग्याचं काय?" हे मी नव्हते विचारले, आईने विचारले होते. इतका वेळ ती ऐकत होती तर!

"त्याचं उत्तर शोधणारे लोक आपल्याच शेजारी आहेत, आजी," लेक म्हणाली.

जयपूरच्या रस्त्याने गेले की गुरुग्रामच्या पुढे मानेसर लागते. आम्हाला मानेसर ठाऊक ते मोटारींच्या कारखान्यांमुळे. तिथेच अरवलीच्या पायथ्याशी राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी २००३ साली ते देशाला अर्पण केले. त्या रस्त्याने आम्ही कितीदा गेलो असू, पण आत काय चालते हे कधी मनात आले नव्हते. तिथे अनिंद्य घोष रॉय आणि त्यांचे विद्यार्थी याच कृमीवर काम करतात. तुटलेला मज्जातंतू पुन्हा जोडला जातो का आणि जोडला गेला तर त्याचे काम परत सुरू होते का, हा त्यांचा विषय.

कृमीच्या शेपटीकडे स्पर्श जाणणाऱ्या दोन पेशी असतात, डावीकडे एक, उजवीकडे एक. त्यांचे धागे पुढच्या दिशेला गेलेले असतात. लेसर किरणाने नेमका तेवढाच धागा तोडता येतो, बाकीच्या शरीराला इजा होत नाही. दोन्ही बाजूंचे धागे तोडले की कृमीला शेपटीकडचा स्पर्श कळेनासा होतो. स्पर्श कळतो की नाही हे पाहण्याची रीत ऐकून तर आम्ही थक्क झालो. भुवईचा एक केस दात कोरण्याच्या काडीला चिकटवायचा आणि त्याने कृमीला हळूच गोंजारायचे! शेपटीकडे स्पर्श झालेला कळला तर तो पुढे पळतो, नाही कळला तर तसाच पडून राहतो.

"म्हणजे एवढी कोट्यवधींची यंत्रं, आणि शेवटी भुवईचा केस?" आई म्हणाली.

"हो आजी. माझ्या काडीला माझ्याच भुवईचा आहे."

त्यांच्या २०१७ सालच्या शोधनिबंधात असे दिसले की तुटलेल्या धाग्याचे मुळाकडचे टोक वाढू लागते. ते वाढत जाऊन पलीकडच्या तुटक्या तुकड्याला गाठून त्याच्याशी एकजीव झाले, तरच कृमीला स्पर्श पुन्हा कळतो. नुसते वाढून उपयोग नाही, नेमके जुळले पाहिजे. वय वाढते तशी ही जुळण्याची ताकद कमी होत जाते. पण शरीरातला 'लेट-७' नावाचा एक इवलासा रेणू काढून टाकला, तर प्रौढ कृमींचेही धागे पुन्हा जुळतात. म्हणजे जुळण्याची शक्ती मेलेली नसते, तिच्यावर ब्रेक लागलेला असतो. हा लेट-७ ज्या जातीचा रेणू आहे, ती जात शोधणाऱ्या व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना २०२४ सालचे नोबेल मिळाले. तो शोधही याच कृमीतला.

"मग आजीचा तो रेणू काढून टाका की!" हे वर्तमानपत्र बाजूला ठेवून म्हणाले.

"बाबा, असं नाही होत. हेच रेणू शरीरात आणखी दहा कामं करत असतात. एक काढला तर काय काय कोसळेल, हे नीट समजेपर्यंत माणसाला हात लावायचा नसतो." मग जरा थांबून ती म्हणाली, "पण त्यांचं २०२१ सालचं काम आहे ना, त्यात औषध नाही न् जनुक नाही. त्यात पोहणं आहे."

कृमी एरवी बशीतल्या घट्ट थरावर सरपटतो. त्याला द्रवात सोडले की तो पोहू लागतो, आणि ते त्याला चांगलेच श्रमाचे असते. मानेसरच्या संशोधकांनी धागा तोडल्यानंतर कृमींना दीड तास पोहायला लावले. न पोहलेल्या कृमींपेक्षा या कृमींचा स्पर्श अधिक चांगला परत आला. पेशीत इंधन किती उरले आहे हे पाहणारे एक प्रथिन असते, आपल्या गाडीतल्या पेट्रोलच्या काट्यासारखे. पोहण्याचा फायदा व्हायला ते प्रथिन मज्जापेशीतही लागते आणि स्नायूतही, असेही त्यांना आढळले.

"आणि म्हातारे कृमी?" आईने विचारले.

"त्यांनाही फायदा झाला, आजी. फक्त त्यांना एकदा पोहून पुरलं नाही. पुन्हा पुन्हा पोहावं लागलं."

आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मी कृष्णेत पोहायला शिकले तेव्हा आठ वर्षांची होते. कमरेला भोपळा बांधून काका पाण्यात ढकलायचे. पहिल्या दिवशी मी रडले, दुसऱ्या दिवशी रडले. काका म्हणाले, रडायचं तेवढं रड, पण हातपाय हलव."

त्या रात्री मी लेकीला बाजूला घेऊन विचारले, व्यायाम केला तर आजीची नस लवकर वाढेल का? तिने मला स्पष्ट सांगितले, "आई, हे कृमीत दिसलंय. आजी म्हणजे कृमी नव्हे. तिच्या हाताचं माझ्याकडून वदवून घेऊ नकोस. पण व्यायामाच्या बाई काय म्हणाल्या होत्या, ते आठव." मला आठवले. त्या म्हणाल्या होत्या, नस तिच्या चालीने येईल, पण ती येईपर्यंत सांधे मोकळे ठेवा. ती दाराशी आली आणि दारालाच गंज चढला असेल तर काय उपयोग? हे सांगून त्या गेल्या होत्या आणि त्यानंतर मी काय केले होते? आईच्या हातातले प्रत्येक काम काढून घेऊन, तिला माझ्या मायेने जागीच बसवून ठेवले होते. 'वय झालं' हे मी उत्तर समजत होते. मानेसरला कोणीतरी त्यालाच प्रश्न समजून कामाला लागले होते.

दुसऱ्या दिवशी मी कापसाचा डबा खाली काढला.

लेकीने आजीला एक दोनशेपानी वही आणि पट्टी दिली. पडल्या दिवसापासून हिशेब करून एक रेघ काढली आणि सांगितले, रोज एक मिलिमीटर वाढवायची. एक मिलिमीटर म्हणजे एक कृमी. आईला हा खेळ फारच आवडला. व्यायाम झाला की ती डाव्या हाताने पेन्सिल धरून रेघ पुढे सरकवायची आणि जाहीर करायची, "आज माझे पन्नास कृमी झाले!" चार वेळांचे व्यायाम ती आता घड्याळ लावून करायची. चेंडू सोडून कणकेचा गोळा घेतला, कारण "चेंडू दाबून पोळी थोडीच होते?" मी भरवायला गेले की ती माझा हात बाजूला करायची. डाव्या हाताने सांडत-लवंडत जेवायची आणि उजवा हात पट्टीसकट ताटाशी ठेवून त्याला कामाला लावायची. तिला धडपडताना बघत गप्प बसणे हे त्या दिवसांतले माझे सगळ्यांत अवघड काम होते. सेवा करण्यापेक्षा ते कितीतरी जड गेले.

पन्नासाचे साठ झाले, साठाचे ऐंशी. पंजा तसाच लोंबता. शंभर झाले तेव्हा माझा धीर खचत आला होता, पण दाखवायची सोय नव्हती. दादाचा फोन आला की आई त्याला नस कुठवर आली असेल ते बोट लावून सांगायची, जणू स्टेशने मागे पडणारी गाडी! "आता कोपरापाशी आली असेल बघ."

अक्षय्य तृतीया होऊन गेली होती. रेघ अकरा सेंटिमीटरच्या पुढे गेली होती. सकाळी मी चहा घेऊन गेले तर आई हात मांडीवर ठेवून टक लावून बघत होती. "हल्लं," ती म्हणाली. मला काही दिसले नाही. तिने पुन्हा केले. मनगट, अगदी उंबऱ्याएवढेही नव्हे, एखादा रेसभर वर आले आणि पडले. आम्ही दोघी रडलो. मग आईने मला दटावले, "रड, पण हातपाय हलव!"

त्यानंतर सगळे भराभर झाले असे मात्र नाही. मनगट आधी आले, बोटे मागाहून. डॉक्टरांनी तपासून समाधान व्यक्त केले. नस कितीशी तिच्या नैसर्गिक चालीने आली आणि त्यात आईच्या व्यायामाचा वाटा किती, हे कोणी सांगू शकणार नाही, आणि मीही सांगणार नाही. कृमींच्या प्रयोगात पोहलेले आणि न पोहलेले असे दोन गट शेजारी ठेवून बघता येतात. आई एकच असते. पण एवढे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले की नस आली तेव्हा बोटे तिची वाट बघत मोकळी होती.

श्रावणात आईने पहिली फुलवात वळली. शेंडा वाकडा, पाकळ्या एकीकडे जास्त. अंगठ्याची मागची बाजू तिला अजूनही नीट कळत नाही, आणि पूर्वी तासाला जेवढ्या व्हायच्या त्याच्या निम्म्याही वाती होत नाहीत. पण ती वाकडी फुलवात तुपात भिजवून निरांजनात ठेवली आणि ती सरळ वातीसारखीच जळली. शेजारच्या पंजाबी वहिनी पुन्हा डबा घेऊन आल्या.

लेक रविवारी आली तेव्हा आईने तिला वही दाखवली. रेघ पानाच्या कडेला जाऊन भिडली होती.

"आता बस झालं की आजी."

"बस कशाला?" आईने पान उलटले, डाव्या हातातली पेन्सिल उजव्या हातात घेतली आणि थरथरत, पण स्वतःच्या हाताने, नव्या पानावर पहिला मिलिमीटर ओढला.